पडदेवाल्या काकूंचा घाट

पडदेवाल्या काकूंना गावातली जवळजवळ प्रत्येक खिडकी ठाऊक होती. कुठली उन्हाच्या बाजूची, कुठलीची चौकट एका कोपऱ्यात बसकी, कुठल्या खिडकीसमोर नेमकं शेजाऱ्यांचं न्हाणीघर येतं आणि म्हणून तिथं दुहेरी कापड लागतं, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. माप घ्यायला त्या स्वतः जात. टेप गळ्यात, पिशवी खांद्यावर, आणि कुठंही जायचं असलं तरी चालत. नवीन गिऱ्हाईक म्हणे, काकू, गाडी पाठवतो. काकू म्हणत, नको, तेवढेच पाय मोकळे होतात. जुनं गिऱ्हाईक असं काही म्हणत नसे. काकूंना गाडी लागते हे त्याला माहीत होतं.

गाडी लागते म्हणजे थोडीथोडकी नव्हे. कुणाला घाटात मळमळतं, कुणाला मागच्या सीटवर. काकूंना गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला, की तिथंच पोटात ढवळायला लागे. लग्न होऊन सासरी येताना त्यांनी नव्या नवऱ्याच्या नव्या पँटची जी अवस्था केली, ती गोष्ट काका अजून रंगवून सांगत. काका पाणीपुरवठ्यात होते. उभा जन्म व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेलेला. ते म्हणत, 'पहिल्याच दिवशी कळलं, हिचा मेन व्हॉल्व्ह काही आपल्या हातात यायचा नाही.'

उपाय सगळे करून झाले होते. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसून झालं. गोळीनं झोप यायची आणि उलटी व्हायला तेवढ्यापुरती जाग यायची. शेवटी काकूंनी प्रवासाचं नावच टाकलं. लग्नकार्य गावात असेल तर जायचं, बाहेरगावी असेल तर आहेर पाठवायचा.

मुलगा नोकरीला लागला, त्यानं गाडी घेतली, त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, मग गाडीही मोठी झाली, मागं तिसरी रांग असलेली. दर सुट्टीत सगळे डोंगरावरच्या तळ्याकाठी चार दिवस राहायला जात. काकासुद्धा जात. काकू आदल्या दिवशी डबे भरून देत, हरवलेले स्वेटर शोधून देत, सकाळी फाटकाशी उभ्या राहून गाडी वळेपर्यंत हात हलवत आणि आत येऊन मशीनवर बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, या दिवसांत ऑर्डरी फार असतात हो. आणि त्या असतही. सुट्टीत माणसांना घराचे पडदे एकाएकी जुने वाटायला लागतात.

नातवंडं दोन. थोरली मिरी, अंगानं बारीक पण बोलायला तिखट, म्हणून आजोबांनी तिला हे नाव पाडलेलं. धाकटा भोपू. त्याला हळू बोलता येत नाही. शाळेच्या बाईंनी त्याला गुप्त गोष्ट कानात सांगायला सांगितली, तर ती शेजारच्या वर्गालाही कळली होती.

गेल्या वर्षीच्या सहलीत मिरीनं घाटभर उलट्या केल्या. तोपर्यंत तिला एखाद्या वेळी होत असे, पण तशी गत पहिल्यांदाच. गाडी पुन्हा पुन्हा थांबवावी लागली, भोपूचा एक बूट वाया गेला, वर पोचल्यावर पोरगी संध्याकाळपर्यंत पांघरुणात पडून राहिली आणि परतीच्या आदल्या दिवसापासून तिला उतरण्याची धास्ती. घरी आल्यावर मुलगा पायऱ्यांवर बसून गाडीच्या चटया घासता घासता हसत म्हणाला, पुढच्या खेपेला मिरीला आजीपाशी ठेवू, दोघींची जोडी छान जमेल. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. लेकीचे हाल त्याला बघवले नव्हते, एवढंच.

मिरीही तेव्हा हसली. संध्याकाळी मात्र ती मशीनच्या टेबलाशी येऊन कापडाच्या चुण्या बोटांनी दुमडत उभी राहिली.

'आजी, तुला घरीच आवडतं का गं?'

या प्रश्नाचं उत्तर काकू वर्षानुवर्षं देत आल्या होत्या. हो, मला काय, माझं घर बरं आणि माझं काम बरं. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं माप जसं न बघता सांगता यावं, तसं ते तोंडावर होतं. पण त्या दिवशी ते बाहेर पडेना. मिरी सहज विचारत नव्हती, पुढं आपलं कसं व्हायचं आहे ते विचारत होती, हे काकूंना कळलं. त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, 'नाही. मला नाही आवडत.'

मग त्यांना रात्रंदिवस तेच. आपलं जे झालं ते झालं. पण या पोरीला फाटकाशी उभं करून हात हलवायला लावायचं नाही. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

सुचलं ते कापड घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्यामुळं. टेम्पोवाला अंगापिंडानं दारात मावत नसे. गठ्ठे उतरवून तो पाणी प्यायला बसला, तेव्हा काकूंनी विचारलं, दिवसभर त्या हिंदकळणाऱ्या गाडीत बसून तुम्हाला काही होत नाही का हो? तो मोठ्यानं हसला. म्हणाला, लहानपणी मला सायकलच्या कॅरिअरवरसुद्धा लागायची. बाप बसच्या टपावर नेऊन बसवायचा मला, बाकीचे प्रवासी आत. पण स्टिअरिंग हातात आलं आणि त्या दिवसापासून बंद. अजून कधी मेव्हणा चालवायला लागला आणि मी बाजूला बसलो, की लिंबू शोधतो.

'असं का हो?' काकूंनी विचारलं.

'ते काही मला माहीत नाही, काकू. वळण आपणच घेतोय, हे पोटाला आधी कळत असावं.'

त्या दिवशी काकूंनी एक पडदा उलटा शिवला. चांगली बाजू आत. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

गाडी शिकायचा बेत त्यांनी फक्त काकांना सांगितला. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. बायकोकडं बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा बायकोकडं बघितलं. साठी उलटल्यावर हे काय, असं काहीतरी येणार म्हणून काकू कंबर कसून बसल्या होत्या. काका म्हणाले, 'पहिल्या दिवशी मी येतो बरोबर. पँट जुनी घालतो.'

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला एक मुलगी होती, सदा तोंडात च्युइंगम, कपाळावर गॉगल. तिनं गाडी मोकळ्या मैदानावर नेईपर्यंत काकू मागच्या सीटवर लिंबू नाकाला लावून डोळे मिटून होत्या, आणि काका शेजारी पिशवी उघडून तयार. मैदानावर काकू स्टिअरिंगच्या चाकामागं बसल्या. मोटरच्या मशीनवर सारा जन्म काढलेला पाय. जाड कापड, लांब शिवण, की पाय आपोआप खाली दाबला जायचा. तसा तो दाबला गेला. गाडीनं उडी मारली आणि शिकवणाऱ्या मुलीचा गॉगल कपाळावरून नाकावर आला.

'काकू,' ती म्हणाली, 'गाडी शिवायची नाहीये, चालवायची आहे.'

'मग कोपऱ्यावर दाबतात तसं दाबू का? अगदी अर्धवट?'

'कोपऱ्यावर कसं दाबतात ते मला नाही माहीत. पण अर्धवट म्हणालात ना, तसंच.'

मैदानाला फेऱ्या झाल्या. गाडी कधी रडली, कधी बंद पडली, एकदा तर कुत्र्यांना उठून जागा बदलावी लागली. पण काकूंच्या पोटात काही हललं नाही. खाली उतरल्यावर त्या बराच वेळ पोटावर हात ठेवून उभ्या होत्या. घरी त्या चालतच आल्या, आणि पिशवीतल्या लिंबाची आठवण त्यांना तेव्हा झाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परीक्षेला गाडी मागं घेताना त्यांनी खांब पाडला. तपासणारे साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात या. काकू म्हणाल्या, येते, तोवर खांब उभा करून ठेवा. पुढच्या महिन्यात खांब उभाच राहिला. लायसन्स हातात आलं, तेव्हा कुठं त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर मुलासमोर ठेवलं.

मुलगा औषधांच्या कंपनीत विक्रीच्या कामाला होता. गावोगाव हिंडण्यात अर्धं आयुष्य गाडीत. कॉलेजात गाडी शिकला तेव्हापासून चाक कुणाला देणं त्याच्या जिवावर यायचं. मित्रांबरोबर गेला तरी गाडी हाच चालवणार, सासुरवाडीला गेला तरी हाच. त्यानं लायसन्स उलटसुलट बघितलं, आईच्या फोटोला हसला, खूश झाला आणि म्हणाला, वा, फ्रेम करून लावू. काकूंना त्या फ्रेमचा फार राग आला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

बोलली ती सून. सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती, तिची स्वतःची छोटी गाडी होती आणि बाटलीत काही का असेना, तिला किळस म्हणून कशाची यायची नाही. तिनं किल्ली खुंटीवरून काढून सासूपुढं सरकवली. 'रविवारी मला नको असते, आई. तुम्ही न्या.'

मग दर रविवारी काकू मिरीला घेऊन निघत. पहिल्याच रविवारी मिरी मागं बसली, चौकापर्यंत गप्प झाली आणि बाजारापाशी पांढरी पडली. काकूंनी गाडी कडेला घेतली. पोरगी पुढं बसण्याएवढी मोठी झाली होती. तिला पुढं घेतलं, पट्टा लावला आणि सांगितलं, 'तू मला रस्ता सांगायचास. वळण यायच्या आधी.'

'तुला दिसत नाही का?'

'दिसतं. तरी सांग. मोठ्यानं.'

मिरी सांगायला लागली. डावीकडं येतंय, आजी. आता उजवीकडं. पुढं खड्डा. पुढं म्हैस. सांगण्याच्या नादात तिचा रंग परत आला. टेम्पोवाल्याचं म्हणणं खरं होतं. वळण पोटाला आधी कळलं पाहिजे, मग ते हातातून कळो की तोंडातून. आपल्या हातातलं चाक अर्धं दुसऱ्याला देता येतं, हे काकूंनी त्या दिवशी स्वतःचं स्वतः शोधून काढलं.

गावामागं टेकडीवर पाण्याची टाकी होती. तिच्याकडं जाणारा रस्ता लहानसाच, पण चढाचा आणि नागमोडी. काकांच्या ओळखीनं फाटक उघडलं जायचं. त्या रस्त्यावर आजी आणि नात रविवारमागून रविवार वरखाली करत राहिल्या. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, मग क्लच सोडत सोडत मागं न घसरता पुन्हा निघायचं. काका टाकीच्या कट्ट्यावर बसून ओरडायचे, घसरली. पुढं पुढं त्यांनी ओरडायचं सोडलं आणि पेपर वाचायला लागले.

सुट्टी जवळ आली. बुकिंगची बोलणी निघाली, तेव्हा काकूंनी वाढता वाढता सांगून टाकलं. मी येणार, मिरी येणार आणि मोठी गाडी मी चालवणार. भोपूनं ही बातमी लगेच खिडकीतून रस्त्याला सांगितली. मुलगा जेवायचा थांबला. मग बराच वेळ घासाघीस. शेवटी ठरलं असं, की घाटाच्या पायथ्यापर्यंतचा सपाट रस्ता आईनं चालवायचा आणि घाट त्यानं. नेमका उलटा न्याय. सपाट रस्त्यावर फारसं कुणाला काही होत नाही, जे व्हायचं ते घाटात होतं. हे काकूंनाही कळत होतं. पण गिऱ्हाईक आधी दुकानाच्या पायरीवर आलं पाहिजे, भावाचं मग बघता येतं, अशी त्यांची धंद्याची रीत. त्या म्हणाल्या, बरं.

निघाले त्या सकाळी फाटकाशी हात हलवायला कुणीच नव्हतं. शेजारीण गॅलरीत आली होती, तिनं हलवला.

मोठी गाडी काकूंनी आदल्या आठवड्यात दोनदा फिरवून बघितली होती. सपाट रस्ता त्यांनी असा नेला, की काकांना डुलकी लागली. मुलगा शेजारी बसून उजवा पाय मात्र सारखा ब्रेक नसलेल्या जागी दाबत होता. मिरी त्याच्या मागच्या सीटवरून मान काढून पुढं बघत होती. ऊन चढायच्या आत घाटाचा पायथा आला. तिथं एक चहाचं दुकान, समोर ट्रक उभे आणि वर डोंगर. डोंगराच्या अंगावर रस्ता एकाखाली एक असा दुमडत आलेला. काकूंनी तो पहिल्यांदाच पाहिला. त्यांना वाटलं, कुणीतरी चुण्या घालून ठेवल्यात आणि इस्त्री करायची राहिली आहे.

चहा झाला. मुलानं कप ठेवला आणि तळहात पुढं केला. 'छान चालवलीस हं. आण किल्ली.'

काकूंची मूठ मिटलेलीच राहिली. मिरीनं तोंडातलं बिस्कीट चावायचं थांबवलं. घाट बघितल्यापासूनच तिचा चेहरा उतरला होता.

मुलगा समजावणीच्या सुरात बोलायला लागला. समोरून ट्रक येतात, कठडे जागोजाग तुटलेत, वळणावर एक गाडी मागं घ्यावी लागते, मागं मुलं आहेत. एकही गोष्ट खोटी नव्हती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, 'तू चालवलीस की आम्ही दोघी आजारी पडणार. हे तुलाही माहीत आहे. आम्हाला दोघींना इथंच ठेव. आम्ही चहा पीत बसतो. येताना घेऊन जा.'

'चार दिवस?'

'दुकान मोठं आहे. पडदेही नाहीत त्यांच्याकडं. काम मिळेल.'

चहावाल्यानं आपल्या खिडकीकडं बघितलं. मुलानं हसायचा प्रयत्न केला, पण आई हसत नव्हती. 'आई, हट्ट करू नकोस. मला भीती वाटते.'

'मलाही वाटते,' काकू म्हणाल्या. 'पण पोरगी माझ्यासारखी घरी राहिली तर? त्याची मला जास्त वाटते.'

सून उठली, पर्स उचलली आणि गाडीच्या मधल्या रांगेत जाऊन बसली. काका उठले, त्यांनी पुढचं दार उघडून मिरीला आत बसवलं आणि स्वतः सुनेशेजारी जाऊन बसले. भोपू आजोबांच्या आणि आईच्या मध्ये घुसला. मुलगा उभाच. आता जागा उरली होती ती सगळ्यात मागं, बॅगांच्या शेजारी. क्षणभर तो तिथं उभा राहिला, मग मान खाली घालून आत शिरला. गाडी घेतल्यापासून तो त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होता.

घाट सुरू झाला. काकूंनी पाठ सरळ केली. मशीनवर नाजूक कापड आलं, की त्या श्वास जरा लांब घेत, तसा घेतला. मिरी सांगायला लागली. डावं येतंय, आजी, मोठं आहे. आता सरळ. आता उजवं, वर ट्रक दिसतोय, हॉर्न दे. काकू हॉर्न देत, वेग उतरवत, बाहेरून येऊन आतल्या अंगाला वळत. मागून मुलाच्या सूचना येत होत्या. ब्रेक, आई. गिअर बदल. अगं, त्याला जाऊ दे आधी. काका म्हणाले, 'अरे, एक वेळी एकानंच सांगावं. तिकडं मिरी आहे ना.'

अर्ध्या घाटात खरी कसोटी आली. एका अरुंद वळणावर वरून लाकडं भरलेला ट्रक उतरला आणि थांबला. काकूंनाही चढावरच थांबावं लागलं. हँडब्रेक. मागं गाड्यांची रांग, त्यातल्या दोघातिघांचे हॉर्न. ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून जागा दाखवली, कठड्याच्या बाजूला, जेमतेम. काकूंनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, यावेळी ती हातभर मागं घसरली. सुनेनं भोपूचा हात धरला. मागून मुलाचा आवाज येईल असं काकूंना वाटलं, पण आला नाही. त्यांनी पुन्हा हँडब्रेक ओढला, हात पदराला पुसले आणि हळूच म्हणाल्या, 'टाकीचा रस्ता, मिरे.'

'टाकीचा रस्ता, आजी,' मिरी म्हणाली. 'आजोबा पेपर वाचतायत.'

अगदी अर्धवट पाय. इंजिनाचा सूर बदलला तसा ब्रेक सुटला आणि गाडी मागं न जाता पुढं सरकली, ट्रकच्या लाकडांना न शिवता कठड्याच्या कडेनं बाहेर पडली. ट्रकवाल्यानं कपाळाला हात लावून सलाम केला. काकूंनी मान हलवली, इतकी जपून, की जणू मान हलवली तरी गाडी वळेल.

पुढची दोन वळणं मिरीनं सांगितली. मग भोपूनं मागं वळून पाहिलं आणि साऱ्या दरीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, 'बाबा हिरवे झालेत.'

'मी ठीक आहे,' मागून आलं. आवाज मात्र एखाद्या बंद पेटीतून यावा तसा होता. आणखी एक वळण गेलं. 'आई, गाडी थांबव. आत्ता.'

काकूंनी इंडिकेटर दिला, रुंद जागा बघितली, गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. काहीही न विसरता. सुनेनं सीट दुमडून वाट करून दिली आणि मुलगा उडी मारून कठड्याकडं धावला.

काकू खाली उतरल्या. त्यांनी एका हातानं त्याचं कपाळ धरलं, दुसरा हात पाठीवर. लहानपणी तापात धरत तसं. जरा वेळानं त्यानं तोंड पुसलं, दरीकडं बघितलं आणि अविश्वासानं म्हणाला, 'म्हणजे मलापण?'

'तुलापण,' काकू म्हणाल्या. 'माझाच आहेस.'

लहानपणी आईमुळं प्रवास झाला नाही, पुढं चाक सोडलं नाही, म्हणून आयुष्यभर कळलं नाही. काका गाडीला टेकून इतके हसत होते, की त्यांना चष्मा काढावा लागला. मुलगाही हसायला लागला, पण हसल्यावर पुन्हा ढवळलं, म्हणून थांबला.

आता मोठा पेच. गाडी लागणारी माणसं तीन आणि चाक एक. मुलाला चाक दिलं तर तो खडखडीत बरा होणार होता, हे आता सगळ्यांना कळलं होतं. तो उघड्या दारातून स्टिअरिंगकडं बघत उभा राहिला. काकूंनी त्याचं बघणं पाहिलं. इथवर आलो ते आता जातं की काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि तरी त्या काही बोलल्या नाहीत. मागायचं ते त्यांचं खाली मागून झालं होतं.

मुलानं मिरीकडं बघितलं. घाटाचा निम्म्याहून जास्त रस्ता मागं पडला होता आणि पोरीचे गाल लाल होते. हातात बिस्किटाचा पुडा, तोही अर्धा संपवलेला. मागच्या वर्षी याच घाटात त्यानं तिला उचलून कठड्यापाशी नेलं होतं.

त्यानं काकांना मागं जायला सांगितलं आणि स्वतः मधल्या रांगेत मधोमध बसला, भोपूला कडेला सरकवून. दोन सीटच्या फटीतून त्याला समोरचा रस्ता दिसत होता. 'मिरे,' तो म्हणाला, 'जरा मोठ्यानं सांग. मलाही ऐकू आलं पाहिजे.'

मिरीनं मान वळवून बापाकडं असं बघितलं, की जणू कुणी तिला वर्गाची मॉनिटर केलं. 'ऐकायचं नुसतं नाही, बाबा. बरोबर म्हणायचंसुद्धा.'

मग उरलेला घाट तिघांनी मिळून चढला. मिरी म्हणे, डावं. बाप म्हणे, डावं. काकू चाक वळवत. भोपूला कुणी विचारलं नव्हतं, पण तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता, आणि समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं घाबरून खरंच आपली गाडी डावीकडं घेतली. मागच्या रांगेतून काकांचं, वळण संपलं की, 'पुढचं आण' असं चाललेलं. सून खिडकीतून बाहेर बघत हसत होती. तिच्या मांडीवर मघापासून तयार ठेवलेल्या पिशव्या होत्या. त्या तिनं घडी करून पर्समध्ये घातल्या.

शेवटच्या वळणानंतर चढ एकदम संपला. झाडांतून तळं दिसलं. इतकी वर्षं काकूंनी ते दुसऱ्यांच्या फोटोत पाहिलं होतं, फोटोत ते निळं असायचं. आता ते राखाडी होतं आणि त्यावर वारा धावत होता. काकूंनी आवारात गाडी नेली, इंजिन बंद केलं आणि हात चाकावरच ठेवून बसून राहिल्या. मिरी दार उघडून खाली उतरली ती तळ्याकडं पळतच गेली. पांघरूण नाही, लिंबू नाही, मागं वळून बघणं नाही. तिच्यामागं भोपू.

मुलगा गाडीला वळसा घालून आईच्या खिडकीशी आला. 'उतरताना अर्धा घाट मला दे,' तो म्हणाला. 'मागतोय हं. हक्कानं नाही.'

'वरचा अर्धा घे,' काकू म्हणाल्या. 'खालचा मी. आणि तू चालवताना पुढं मी बसणार, मिरी मध्ये बसून दोघांना सांगेल.'

'चालेल.'

मग काकूंनी लिंबू हुंगायच्या सवयीनं नाकाशी हात नेला, हवेचा वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण आश्चर्य उमटलं. 'अरे,' त्या म्हणाल्या, 'मला भूक लागलीय.'

व्हरांड्यातच डबे उघडले. काकूंनी पोटभर खाल्लं. तिथली व्यवस्था बघणारा म्हातारा पाण्याचे जग घेऊन आला, एवढी मोठी गाडी घाटातून कुणी आणली म्हणून कौतुकानं मुलाकडं बघायला लागला. भोपूनं त्याची चूक तळ्याच्या पलीकडच्या काठालाही कळेल अशा आवाजात सुधारली. म्हाताऱ्यानं काकूंना नमस्कार केला. काकूंनी तोंडातला घास संपवला, हात पुसला आणि आवाराच्या फाटकाबाहेरून तळ्याला वळसा घालून पलीकडच्या डोंगरात शिरणाऱ्या रस्त्याकडं बोट दाखवलं.

'हा पुढं कुठं जातो हो?'